चोंबडीची साक्ष

१

आमच्या मास्तरांचा अंगठा चोरीला गेला आणि चोर म्हणून मास्तरांचंच नाव पुढे आलं. ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही एरवी आलं असतं, पण मास्तर म्हणजे माझे यजमान, आणि तो अंगठा म्हणजे त्यांच्या दोन वर्षांच्या खटपटीचं फळ.

आमच्या कारखान्यात लहान मुलांसाठी कृत्रिम हात बनतात. मी स्वतः तिथे पंचवीस वर्षं त्या हातांचे पट्टे शिवले. हात कसाही बनवता येतो, खरी परीक्षा अंगठ्याची असते. मास्तरांनी असा अंगठा घडवला होता की तो चारही बोटांना जाऊन भेटत होता. त्या हातानं पोराला वाटाणा उचलता आला असता आणि शर्टाचं बटणही लावता आलं असतं. रविवारी तो मोठ्या प्रदर्शनात मांडायचा होता आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या कारखान्याचं रंगीत माहितीपत्रक आलं. मुखपृष्ठावर आमचाच अंगठा होता, वर 'आमचा नवा शोध' असं ठळक अक्षरात.

मी त्या दिवशी प्रदर्शनातल्या हाताचे पट्टे शिवून द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मालकीणबाईंच्या खोलीत चौघं जमले होते. त्यांचा भाचा कार्यालय सांभाळतो. तोंड कायम कडू काढा प्यायल्यासारखं, आम्ही त्याला भाचेसाहेब म्हणतो. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान विक्रीचं बघतात, ते अख्ख्या कारखान्याचे दाजी. मास्तरांच्या नमुन्यावरून संगणकावर आराखडा काढणारी पोरगी म्हणजे चष्मेवाली. आणि चौथे आमचे मास्तर, टोपी हातात घेऊन उभे.

भाचेसाहेबांनी भिंतीवरचा पडदा लावला. पडद्यावर चोंबडी होती.

चोंबडी हे माझ्या सुनेनं लिहिलेलं सॉफ्टवेअर. त्याला तिनं भारदस्त नाव दिलं होतं, पण ते काय करतं हे कळल्यावर मी म्हटलं, "म्हणजे कोण कुणाकडे गेलं, काय घेऊन गेलं, किती वेळ बसलं, याच्यावर डोळा. चोंबडी आहे की गं ही!" तेव्हापासून तेच नाव रूढ झालं. कारखान्यातल्या प्रत्येक संगणकातून बाहेर काय जातं, बाहेरून काय येतं, ते चोंबडी रेघांनी दाखवते. जितकी जास्त माहिती, तितकी रेघ जाड.

"ही बघा, साचाघरातल्या संगणकाची रेघ," भाचेसाहेब म्हणाले. "रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मनगटाएवढी जाड. सरळ कारखान्याबाहेर जाते. साचाघराची किल्ली एकट्या मास्तरांकडे असते."

मालकीणबाईंनी विचारलं, "मास्तर, दुपारी काय पाठवत होतात?"

मास्तर म्हणाले, "चोरी केलेली नाही. बाकीचं सांगणार नाही."

"अहो, सांगून टाका की!" मी मध्येच बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकदा मान आडवी हलवली की या माणसाला ब्रह्मदेवही बोलतं करू शकत नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

"मावशी, लाकूडतोड्याच्या गोष्टीसारखं नका करू," दाजी मोठ्यानं म्हणाले. "सोन्यासारखा माणूस समोर असताना कुऱ्हाडी कसल्या मोजताय?" दाजी सगळ्यांना, मालकीणबाईंनाही, लाडानं मावशी म्हणतात. त्यांचा मला केवढा आधार वाटला.

तेवढ्यात मालकीणबाईंच्या फोनवर किणकिण वाजलं, लहान घुंगरासारखं. "काही नाही, सुकवणीचं कपाट आहे," त्या थकून म्हणाल्या. "आतलं सुकलं की कळवतं." साचाघरातलं ते कपाट दाजींनीच दोन वर्षांपूर्वी हौसेनं आणून बसवलेलं. दार न उघडता आतलं प्लास्टर फोनवर दिसतं, म्हणून सगळ्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

मालकीणबाई उठल्या. "शनिवारपर्यंत थांबते, मास्तर. तोवर उलगडा झाला नाही तर तुम्हाला काढावं लागेल, आणि का काढलं तेही सगळ्यांपुढे सांगावं लागेल."

भाचेसाहेब मला म्हणाले, "आमच्यावर राग धरू नका, काकू. ही तुमच्याच सुनेच्या सॉफ्टवेअरची साक्ष आहे."

२

सून कामावरून आली तेव्हा मी दारातच उभी होते. तिनं चपलाही काढल्या नव्हत्या.

"ती रेघ पूस," मी म्हटलं.

"कुठली रेघ, आई?"

"तुझ्या चोंबडीनं सासऱ्यांना चोर ठरवलंय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झालाय. पूस म्हटलं ना!"

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "पुसणार नाही. चोंबडी खोटं बोलत नाही, आई. आणि बाबाही बोलत नाहीत. म्हणजे दोघांचंही ऐकणाऱ्यानं काहीतरी चुकीचं ऐकलंय."

मला तिचा राग आला आणि त्याच घटकेला अभिमानही वाटला. कुणाच्या वाट्याला अशी सून येते जी सासूसमोर इतकं सरळ उभं राहते? मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी बसले.

तिनं आपल्या संगणकावर साचाघराची रेघ उघडली. "आई, चोंबडी पाकीट बघते, पत्र वाचत नाही. कुणी पाठवलं, कुणाला पाठवलं, वजन किती, एवढंच तिला ठाऊक. आता नीट बघा. ही रेघ एक नाही, दोन आहेत. एक जाणारी, एक येणारी. भाचेसाहेबांनी बेरीज पाहिली."

"मग?"

"कुणी आराखडा चोरून पाठवला तर जाणं भरपूर आणि येणं नावापुरतं असतं. इथे जेवढं गेलंय जवळजवळ तेवढंच आलंय, तेही एका संथ लयीत. हे असं कधी होतं सांगू? दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा, एकमेकांचे चेहरे बघत. बाबा रोज दुपारी कुणाशी तरी बोलत होते."

मी खुर्चीतच सावरून बसले. "कुणाशी? या वयात?"

सुनेला हसू आवरेना. "तुम्हाला विचारायचं असेल तर विचारा. मी नाही विचारणार. पाकीट पाहिलं, पत्र वाचायचं नाही, हा माझाच नियम आहे."

मी विचारलंच. मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शब्द दिलाय." 

दुसऱ्या दिवशी सुनेनं भाचेसाहेबांना ही दोन रेघांची गोष्ट समजावली. तो माणूस कडू असेल, मूर्ख नाही. त्यानं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "पटलं. फाइल पाठवली नाही. पण समोरासमोर बोलता बोलता कॅमेऱ्यापुढे अंगठा धरला नसेल कशावरून?"



३

त्या संध्याकाळी ते माहितीपत्रक मी घरी आणलं होतं. मास्तरांनी आधी त्याच्याकडे पाठच फिरवली होती. मग चहा घेताना राहवलं नसावं. त्यांनी चष्मा लावून चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि एकदम खो-खो हसायला लागले. आळ आल्यापासून पहिल्यांदाच हसले.

"गाढवांनी खाचसुद्धा उतरवलीय!"

"कसली खाच, बाबा?" सून स्वयंपाकघरातून धावत आली.

नखाच्या वरच्या बाजूला एक बारीक खाच होती. मी दहादा चित्र पाहिलं होतं, पण ती मला शोभेची वाटली होती.

मास्तर खुलले. कामाचं बोलायचं असलं की या माणसाला कंठ फुटतो. "मी पहिला नमुना प्लास्टरचा करतच नाही. आधी लाकडाचा कोरतो. प्लास्टर कशालाही हो म्हणतं, लाकूड नाही म्हणतं. जिथे ते नाही म्हणतं तिथे आपण चुकलेलो असतो. कोरून झालं की तेल चोळतो आणि दोऱ्यानं टांगून वाळवतो. दोरा बसायला ही खाच. नंतर ती मेणानं बुजवतो आणि मग त्यावरून प्लास्टरचा साचा घेतो. चष्मेवालीच्या हातात जातो तो प्लास्टरचा. त्याला खाच नसते. तिच्या आराखड्यातही नाही."

"लाकडाचं कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाही नाही. कारखान्यात सगळं प्लास्टरमध्ये करायचं असा शिरस्ता आहे. लाकडाला वेळ लागतो म्हणून कटकट करतील."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "तुमच्या खिशातला भुगा आजवर कोण झटकतंय?"

सून जमिनीवर मांडी घालून बसली. तिचं तोंड उजळलं होतं. "म्हणजे त्यांनी आराखडा चोरला नाही, प्लास्टरही नाही. त्यांनी लाकडाचा नमुना पाहिलाय, दोरा बांधायच्या अवस्थेतला, आणि तोही वरून. खाच वरूनच दिसते. बाबा, दुपारी बोलताना तो तुकडा जवळ असायचा?"

"छे! तेलकट तुकडा टेबलावर कोण ठेवेल? बोलायला बसायच्या आधी तो टांगलेला असायचा."

"टांगता कुठे?"

"सुकवणीच्या कपाटात."

त्या कपाटाच्या आत छताला कॅमेरा आहे. आणि तो बघण्याचा अधिकार सगळ्या कारखान्याच्या समजुतीप्रमाणे एकाच फोनला होता. तो फोन खुद्द मालकीणबाईंचा होता.

४

"मालकीणच आपल्या घरावर दरोडा घालेल होय?" मी म्हटलं.

"घालणार नाही असं वाटतंय. पण वाटण्यावर बाबांची नोकरी नाही वाचत," सून म्हणाली. "चला, तिघांशी बोलू. तुम्ही बोला, मी ऐकते. तुमच्यापुढे माणसं सैल होतात."

हे मात्र खरं. पट्टे शिवताना मी अर्ध्या कारखान्याची रडगाणी ऐकली आहेत.

चष्मेवाली आम्हाला बघूनच रडायला लागली. तिला दुसरीकडे नोकरी मिळाली होती आणि ते तिनं लपवलं होतं. पलीकडच्या कारखान्यात नव्हे, दूर कुठेतरी पुलांचे आराखडे काढणार होती. "काकू, सगळ्यांना वाटेल मीच विकलं आणि पळाले. मला तर मास्तर तयार प्लास्टर देतात. ते इतकं बिनचूक कसं येतं हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, 'हात बसलाय.'" तिला लाकडाचा पत्ताच नव्हता. मी तिला पुलांसाठी आशीर्वाद दिला.

भाचेसाहेबांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. सुनेनं विचारलं, "चोंबडी कारखान्यात लावताना तुम्ही फक्त संगणकांचीच नोंद मागितली होती. का?"

"खर्च वाढतो म्हणून. चोरी संगणकातून होते, घड्याळातून नाही."

"मग यंत्रांच्या रेघा?"

"तुम्हीच ठेवल्यात ना, खाली? त्या राखाडी रेघेत. 'इतर' म्हणून." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. खरंच तळाला एक बारीक राखाडी रेघ होती. छपाईयंत्र, दारावरची घंटा, भिंतीवरचं घड्याळ, सुकवणीचं कपाट, सगळी एकाच गाठोड्यात. "तुम्हीच म्हणालात पडदा सुटसुटीत दिसेल."

बाहेर आल्यावर माझी सून जिन्यात थांबली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच अपराधीपणा पाहिला. "आई, बाबांची रेघ जाड दिसली म्हणून ते पकडले गेले. आणि खरी वाट माझ्याच गाठोड्यात दडली होती. कोण बोलतंय ते न बघता मी त्यांना 'इतर' म्हणून बांधून टाकलं. मलाच सुटसुटीत हवं होतं."

"बांधलंस तर सोड," मी म्हटलं. "रडत कसली बसतेस?"

तिनं नाक पुसलं आणि हसली.

शेवटी दाजी. त्यांनी आम्हाला आपल्या खोलीत बसवलं, स्वतः चहा मागवला, पंखा आमच्या बाजूला वळवला. "मावशी, मी कालच मेव्हणीला म्हटलं. ज्या माणसानं त्या लाकडाला पोटच्या पोरासारखं तेल चोळलं, तो ते विकेल? पोटचं पोर कोण विकतं?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या दिवसांत मास्तरांच्या कष्टाबद्दल कुणी इतकं गोड बोललं नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर किणकिण झालं. त्यांनी तो बघितला, आवाज बंद केला आणि खिशात घातला. "बायको. संध्याकाळी भाजी आणायची आठवण करते."

परतताना मी दाजींचं कौतुक करत होते. रस्ता ओलांडून झाल्यावर सुनेनं माझा हात धरला.

"आई, दाजी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगता येईल?"

मी सांगितलं. माझं पाठांतर शाळेपासून चांगलं आहे.

"शनिवारी सगळ्यांपुढे हेच, असंच सांगाल?"

"का नाही? चांगलंच तर बोललेत."

"हो," ती म्हणाली, "फारच चांगलं बोललेत."

५

शनिवारी मालकीणबाईंची खोली भरली. मास्तर दाराशी उभे राहिले, बसले नाहीत. सून पुढे गेली. साधी सुती साडी, केसांची वेणी, हातात काही नाही. ती बोलायला लागली तेव्हा मला वाटलं, हिच्या आईला बोलवायला हवं होतं.

तिनं आधी खाचेची गोष्ट सांगितली. मग लाकडाची. मास्तरांनी शिरस्ता मोडला हे ऐकून भाचेसाहेबांनी भुवई उचलली. मग ती म्हणाली, "म्हणजे अंगठा बघितला तो सुकवणीच्या कपाटाच्या कॅमेऱ्यानं."

मालकीणबाई पांढऱ्या पडल्या. "त्याचा फोन माझ्याकडे असतो. माझ्यावर संशय घेतेस?"

"थोडं थांबा, बाई. आधी माझी चूक सांगते." तिनं पडद्यावरची राखाडी रेघ उघडली. गाठोडं सुटलं आणि एकेक धागा वेगळा झाला. प्रत्येकासमोर आता त्याचं नाव होतं. घड्याळाचा धागा केसासारखा बारीक होता. दारावरची घंटा कुणी आलं तेवढंच बोलत होती. कपाटाचा धागा मात्र मधूनमधून सुजल्यासारखा जाड होता. "कपाट एरवी फक्त 'सुकलं' एवढंच कळवतं. ते चिमूटभर असतं. असं जाड तेव्हाच होतं जेव्हा कुणी आतलं चित्र मागवतं. बाबांनी ज्या ज्या दिवशी लाकूड टांगलं, त्या त्या दिवशी कुणीतरी चित्र मागवलंय, आणि फार वेळ बघितलंय."

"मी नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "मला तर ते उघडायचं कसं हेही आठवत नाही."

"कळेल आता. सगळ्यांनी आपापले फोन टेबलावर ठेवा. कपाटाशी ज्या फोनची ओळख करून दिलेली असते, त्या प्रत्येक फोनला ते निरोप धाडतं. बाबांनी सकाळी आत एक तुकडा टांगलाय. तो सुकत आलाय."

सगळे फोन टेबलावर आले. दाजींनी आपला पालथा ठेवला. आम्ही वाट बघत बसलो. भाचेसाहेब पेनचं टोपण उघडमीट करत होते, ते मी डोळे वटारून थांबवलं.

किणकिण झालं. मालकीणबाईंचा फोन उजळला.

आणि त्याच क्षणी शेजारचा पालथा फोन टेबलावर घुरघुरत सरकला. पडद्यावर कपाटातून दोन धागे निघाले होते. एक या खोलीतल्या मालकीणबाईंच्या फोनचा. दुसऱ्यावर सुनेनं बोट ठेवलं. "जाड होतो तो हा."

दाजी हसले. त्यांचं ते मोठं, मोकळं हसू. "अरे देवा! कपाट मीच नाही का आणलं? बसवताना माझ्या फोनवर सुरू केलं होतं. राहून गेलं असेल. धागा जाड होतो तर असेल यंत्राचा काही बिघाड. मी काय कामधंदा सोडून प्लास्टर सुकताना बघत बसणार, मावशी?"

खोलीत दोघंतिघं हसलेही. इतकं सहज उत्तर होतं. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी उभी राहिले. "दाजी, परवा तुम्ही मला काय म्हणालात? 'ज्या माणसानं त्या लाकडाला पोटच्या पोरासारखं तेल चोळलं, तो ते विकेल?' असंच म्हणालात ना?"

"म्हणालो की. कौतुकच केलं."

"चष्मेवालीला लाकूड ठाऊक नव्हतं. मालकीणबाईंना, भाचेसाहेबांना आत्ता कळलं. मी नवऱ्याच्या खिशातून भुगा काढते म्हणून मला ठाऊक. तुम्ही कुणाच्या खिशातून काढलात? आणि बायकोचा निरोप म्हणून खिशात घातलात ती किणकिण कुणाची होती?"

दाजींच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागे आता कुणी नव्हतं. त्यांनी आपला पालथा फोन उलटून पाहिला.

"पलीकडचे मला भागीदार करणार आहेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. "इथे मी काय होतो? हा कारखाना दारोदार फिरून मी विकला. पाटीवर नाव आहे माझं? बायकोच्या माहेरचा पाहुणा. दाजी या, दाजी बसा. मीही तुमच्या त्या 'इतर'मधलाच."

मला वाईट वाटलं नाही असं नाही. या माणसाचा चहा मी प्याले होते. पण माझ्या नवऱ्याची टोपी आठवडाभर हातात होती, ते मला जास्त दिसत होतं.

"पाटीवर यांचंही नाव नाही, दाजी," मी मास्तरांकडे बोट दाखवलं. "माझंही नाही. पंचवीस वर्षं पट्टे शिवले, एका पट्ट्यावर नाव घातलं नाही. आम्ही नाही कुणाचा अंगठा विकला. आणि विकलात तर विकलात, वर दुसऱ्याच्या गळ्यात बांधलात, आणि त्याच तोंडानं त्याची बाजू घेतलीत. मला रडवलंत की हो!"

मालकीणबाईंनी दाजींना एवढंच म्हटलं, "ताईला तुम्ही सांगता की मी सांगू?" दाजी फोन तिथेच टाकून निघून गेले.

भाचेसाहेब उठले, मास्तरांपुढे आले आणि चक्क वाकले. "मी बेरीज पाहिली. चुकलो." कडू काढ्यातही गुण असतो म्हणायचा.

६

मास्तरांनी टोपी घातली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मी निघतो. वेळ झाली."

"कसली वेळ?" मालकीणबाईंनी विचारलं. "मास्तर, आता तरी सांगा. तुमच्यावर आता काही आळ नाही. पण दुपारची ती जाड रेघ कुणाची?"

मास्तर घुटमळले. कारागिरांनी हात वापरणाऱ्या मुलांशी परस्पर संबंध ठेवायचा नाही, असा आमच्या कारखान्यात कडक नियम होता. तो मोडला तर नोकरी जायची. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "या, दाखवतो. पण तिला आधी विचारावं लागेल."

आम्ही सगळे साचाघराच्या दारात गर्दी करून उभे राहिलो. मास्तरांनी संगणक लावला. पडद्यावर एक लहान मुलगी आली, दात पडलेली, उजव्या बाहीतून आमच्या कारखान्याचा हात बाहेर आलेला.

"चिमणे, आज माझ्याबरोबर माणसं आहेत. चालतील?"

तिनं विचार केला. "हसणार नसतील तर चालतील."

"कुणी हसणार नाही. हसलं तर माझी बायको बघून घेईल."

मग कळलं. हात बसवल्यावर ती पोर दूर राहायला गेली. तिथे वर्गातली मुलं हसली म्हणून तिनं हात काढून कपाटात टाकला. मास्तरांना हे कुणाकडून तरी समजलं. मग हा माणूस रोज दुपारी जेवायचं सोडून तिला शिकवत होता. शर्टाचं बटण, पेन्सिलीचं टोक, पुस्तकाचं पान. तिच्यापाशी आधी साधा अंगठा होता आणि त्यानं ज्या ज्या गोष्टी जमल्या नाहीत, त्यातूनच नवा अंगठा घडत गेला. लाकूड जसं नाही म्हणतं, तशी ती नाही म्हणायची, आणि मास्तर पुन्हा कोरायला बसायचे. पहिला तयार अंगठा त्यांनी प्रदर्शनाला ठेवला, दुसरा स्वतःच्या पदरचा खर्च करून तिला पाठवला. "बुटाची नाडी बांधता येईपर्यंत कुणाला सांगू नका," असं तिनं वचन घेतलं होतं.

"मग, आज?" मास्तरांनी विचारलं.

तिनं निळा बूट मांडीवर घेतला. एक फास घातला. नाडी निसटली. पुन्हा घातला, पुन्हा निसटली. माझ्या मागे भाचेसाहेब टाचा उंचावून बघत होते. तिसऱ्यांदा तिचा नवा अंगठा हळूच करंगळीला जाऊन भेटला, फास आत गेला आणि तिनं दोन्ही टोकं ओढली. गाठ बसली. जरा वाकडी होती, पण बसली.

कुणी हसलं नाही. मालकीणबाई रडत होत्या, आणि मी तर काय, मी आधीपासूनच रडत होते.

रविवारी प्रदर्शनात पलीकडच्यांच्या मांडवात लोक विचारत होते की या अंगठ्याला खाच कशाला, आणि त्यांना सांगता येत नव्हतं. आमच्या मांडवात अंगठ्याशेजारी लाकडाचा मूळ नमुना होता, खाचेत दोरा बांधलेला, आणि पडद्यावर चिमणी बुटाची नाडी बांधून दाखवत होती. जमलं की पुन्हा सोडायची, पुन्हा बांधायची. नियम त्याच सकाळी बदलला होता. मास्तर आता दुपारी उघडपणे शिकवतात, आणि त्यांच्याकडे आणखीही मुलं आहेत.

सुनेनं चोंबडी नव्यानं लिहिली. आता तिच्यात 'इतर' नाही. घड्याळापासून घंटेपर्यंत प्रत्येकाला आपापलं नाव आणि आपापली रेघ. पडदा पहिल्याइतका सुटसुटीत दिसत नाही, भाचेसाहेब कुरकुरतात, पण पैसे देतात.

मी अधूनमधून पट्ट्यांच्या निमित्तानं जाते आणि दुपारी त्या पडद्यासमोर बसते. साचाघराची रेघ जाड झाली की शेजारी कुणी ना कुणी विचारतंच, ही एवढी मोठी कुणाची?

"ती आमची," मी म्हणते. "बघा, जेवढं जातंय तेवढंच येतंय. आणि हे दाखवणारी सून माझी आहे."